‘हे अंशतः खरे आहे’ : सभागृहातलं उत्तर कुठे शिजतं

पारोळा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्या गावच्या पाझर तलावाची दुरुस्ती झाली, फलक लागला, ठेकेदाराचं बिल निघालं. पहिल्याच पावसाळ्यात भरावाच्या पायथ्यातून पाणी वाहू लागलं आणि दिवाळीच्या आत तलाव कोरडा पडला. गावानं आमदारांना निवेदन दिलं, आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकला. छापील उत्तर आलं ते असं : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) सदर काम अंदाजपत्रकातील तरतुदीनुसार पूर्ण करण्यात आले आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

ते विचारतात, सभागृहात सरकार असं धडधडीत खोटं कसं बोलू शकतं? मग प्रश्न टाकायचाच कशाला? त्यापेक्षा माहितीचा अधिकार वापरलेला बरा नाही का? आणि शेवटी वडिलांचं वाक्य जोडलंय : ‘हाई काय जवाब शे का, भाऊ?’

जवाब शे, आबा. फक्त तो तुमच्या तलावाला दिलेला नाही, तुमच्या आमदारांच्या वाक्याला दिलाय. एवढं कळायला मला स्वतःला नोकरीची सहा-सात वर्षं लागली.

मी खान्देशातच ३१ वर्षं सरकारी नोकरी केली. शेवटची ११ वर्षं माझ्याकडे ‘एलएक्यू’चं, म्हणजे सभागृहातल्या प्रश्नांचं, टेबल होतं. विधानसभा, विधान परिषद, लोकसभा, राज्यसभा, कुठूनही आमच्या जिल्ह्याबद्दल प्रश्न आला की माहिती गोळा करायची आणि उत्तराचा मसुदा वर पाठवायचा. तुम्हाला मिळालं तसलं उत्तर मी शेकड्यानं लिहिलंय. तेव्हा पुढचं सगळं थोडी कबुली म्हणूनही वाचा.

आधी तुमचं उत्तर उसवून बघू. प्रश्नाची छापील प्रत पाठवलीत हे बरं केलंत. पहिला भाग असा आहे : ‘पाझर तलावाचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्यामुळे तलाव पहिल्याच पावसात फुटून शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले आहे, हे खरे आहे काय?’ मसुदा लिहिणारा माणूस हे वाक्य पेन्सिल घेऊन वाचतो आणि त्याचे तुकडे पाडतो. काम झालं, हे खरं. निकृष्ट, हे मत झालं. चाचणी अहवालात तसं कुठे नाही. फुटला? नाही, तलाव जागेवर आहे. प्रचंड नुकसान? पंचनामा झालेला नाही, म्हणजे कागदावर नुकसान नाही. चार तुकड्यांतला एक खरा निघाला. ‘हे अंशतः खरे आहे.’ कोणता अंश, ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

‘फुटला’ या एका शब्दानं घात केला. तलाव गळत होता. त्यातून तो पाझर तलाव. शाखा अभियंत्यानं टिपणीत लिहिलं असलं तर मला नवल वाटणार नाही की पाझर तलावातून पाणी पाझरणे हा त्याचा मूळ उद्देशच आहे. हसू नका, हे वाक्य मी एका फाइलीत प्रत्यक्ष वाचलंय, आणि तसं पाहिलं तर ते चूकही नाही. पाणी तळातून जमिनीत मुरावं, खालच्या विहिरींना लागावं, म्हणूनच हे तलाव बांधतात. भरावाच्या पायथ्यातून झऱ्यासारखं बाहेर पडावं म्हणून कुणी बांधत नाही. हा फरक तुमच्या प्रश्नात नव्हता, मग उत्तरात कुठून येणार?

‘प्रश्न उद्भवत नाही’ हा लोकांना उद्धटपणा वाटतो. तो बिचारा नुसता साचा आहे. आपल्याकडच्या प्रश्नाचा शेवटचा भाग ठरलेला असतो : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ वर ‘काम पूर्ण’ लिहिलं की विलंबच उरत नाही, मग प्रश्न उद्भवत नाही. माझ्या संगणकात ही ओळ कायम टाइप करून ठेवलेली असायची. वरच्या साहेबानं मसुदा कितीही फिरवला तरी चौथ्या भागाला कधी हात लावला नाही.

आता हे शिजतं कुठे, ते सांगतो. मंत्री उत्तर वाचतात मुंबईत किंवा नागपुरात, पण भांडं चुलीवर चढतं ते तुमच्याच तालुक्यात. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, तिथून आयुक्तालय किंवा मुख्य अभियंत्याकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून उपविभागाला आणि शेवटी शाखा अभियंता, तलाठी नाहीतर ग्रामसेवकाच्या मोबाइलवर. उतरताना तो ‘अति तात्काळ’ असतो. चढताना त्याच्यात प्रत्येक पायरीवर काहीतरी कमी होतं.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मार्च महिना, मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू. साडेपाचला, दिवे मालवायच्या वेळेला, संदेश आला : अमुक गावांत टँकर नाही, लोक पायपीट करताहेत, हे खरे आहे काय, माहिती उद्या सकाळी दहापर्यंत. मी गटविकास अधिकारी कार्यालयात फोन लावला, तिथल्या कारकुनानं ग्रामसेवकांना लावले. एक ग्रामसेवक कुणाच्या तरी हळदीला गेला होता. फोनवर मागं बँड वाजत होता. तो ओरडून म्हणाला, ‘भाऊसाहेब, आमच्या गावाचं निरंक लिहा, सकाळी सहीचा कागद पाठवतो.’ मी निरंक, म्हणजे ‘काही नाही’, लिहिलं. तीन दिवसांनी तेच निरंक ‘जिल्हाधिकारी यांच्या अहवालानुसार’ हे शब्द डोक्यावर घेऊन सभागृहात गेलं. सहीचा कागद सकाळी आला, तोवर मसुदा पुढे गेलेला होता. त्या गावात टँकर लागत होता की नव्हता? खरं सांगायचं तर तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारच केला नाही.

म्हणून ‘सरकार खोटं बोललं’ हे वाक्य मला पुरत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, केंद्रात अनुच्छेद ७५(३) प्रमाणे लोकसभेला. मंत्री जबाबदार खरेच. पण उत्तर बदलायचं असेल तर बँडच्या आवाजातला तो फोन बदलावा लागतो.

दुसरी कबुली जड आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आमदारांचा प्रश्न होता, ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?’ तक्ता मागवला. मंजूर पदं दोन, भरलेली पदं दोन, रिक्त शून्य. मी लिहिलं, ‘हे खरे नाही.’ दोन्ही पदं भरलेली होती हे शंभर टक्के खरं. त्यातला एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शहरात होता आणि दुसरा दीर्घ रजेवर. पगार त्या केंद्राच्या नावानं निघत होता, म्हणून पद भरलेलं. पावसात चार तास बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून आणणाऱ्या लोकांना तिथं नर्सबाईंशिवाय कुणी भेटत नव्हतं. मला हे माहीत होतं का? तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात टीप होती. मी ती वाचली होती. प्रश्नात ‘रिक्त’ होतं, ‘गैरहजर’ नव्हतं. एवढ्या अंतरावर मी नोकरी वाचवली. पुढच्या अधिवेशनात त्याच आमदारांनी ‘प्रत्यक्ष कार्यरत किती, प्रतिनियुक्तीवर किती, कोणत्या दिनांकापासून’ असं विचारलं. कुणीतरी त्यांना शिकवलं असणार. त्या वेळी पळवाट उरली नाही. तक्ता जसाच्या तसा जोडावा लागला आणि उत्तर पटलावर जायच्या आधीच एक प्रतिनियुक्ती रद्द झाली.

प्रश्न विचारून उपयोग काय, असं विचारता ना? उपयोग कित्येकदा असा उत्तराच्या अलीकडे होतो. साहेबाला उत्तरात लाजिरवाणा आकडा लिहावा लागणार असेल, तर तो आकडा बदलायचा प्रयत्न करतो. छापील उत्तरात मग सगळं आलबेल दिसतं आणि गावाला वाटतं, आपला प्रश्न फुकट गेला.

रकाना नसला तर उत्तर नसतं, ही गोष्ट दिल्लीतही तशीच. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत केंद्र सरकारनं लेखी सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वानं कळवलेलं नाही. देश पेटून उठला. मी ते उत्तर दोनदा वाचलं आणि मला आमचं टेबल आठवलं. आरोग्य राज्यांचा विषय, माहिती राज्यांकडून यायची, आणि मृत्यू कळवताना कारण म्हणून ‘ऑक्सिजन नव्हता’ असं कोण लिहिणार होतं? वाक्य कागदाला धरून होतं. कागद माणसाला धरून नव्हता. त्याच्या आधी, १४ सप्टेंबर २०२० ला, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले यावर लोकसभेत उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. त्या अधिवेशनात तर कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द होता, फक्त लेखी उत्तरं मिळत होती. समोर उभं राहून ‘का ठेवली नाही?’ असं विचारायची सोयच नव्हती.

तारांकित प्रश्नाचा जीव त्या ‘का?’ मध्ये आहे. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तरासाठी २० तारांकित प्रश्न लागतात, अतारांकित २३०. राज्यसभेत १५ आणि १६०. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर मिळतं. तारांकितावर सदस्याला उठून पूरक प्रश्न विचारता येतात, आणि मंत्र्यांची तयारी खरी कळते ती तिथे. पण तासाभरात यादीतले पाच-सहा प्रश्न झाले तरी पुष्कळ. बाकीचे लेखी उत्तर होऊन पटलावर जातात. आपल्या विधानसभेत गोंधळात तास वाया गेला की तीच गत. तुमचा प्रश्न पुकारला गेला होता का, आमदार त्या वेळी जागेवर होते का, हे कामकाजाच्या नोंदीत तपासा. पुकारला जाऊनही कुणी उठलं नसेल, तर त्या उत्तराचा दोष एकट्या सरकारच्या माथी मारू नका.

जाता जाता एक मजा. या देशात कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्यानं, आणि पहिला प्रश्न विचारला गेला १६ फेब्रुवारी १८९३ ला. विचारणारे होते आजच्या उत्तर प्रदेशातल्या भिंगा संस्थानाचे राजे. विषय काय, तर साहेबांच्या दौऱ्यासाठी रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा त्रास. सव्वाशे वर्षं उलटली. साहेब दौऱ्यावर येणार म्हणून शेवभाजी, भरीत-पुरीची सोय कुणाकडून होते, हे तुमच्या गावातल्या कोतवालाला विचारा.

प्रश्न कोणत्या सभागृहात टाकायचा, हेही आपले लोक हमखास चुकतात. पाझर तलाव, धरण, एसटी, जिल्हा परिषदेची शाळा, हे राज्याचं, आमदारांकडे जा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, केळीला रेल्वेचे डबे, हे केंद्राचं, खासदारांकडे जा. केळीच्या फळपीक विम्यासारखा विषय दोन्हीकडचा असतो. योजना केंद्राची, अधिसूचना राज्याची. दिल्ली म्हणते राज्याला विचारा, मुंबई म्हणते कंपनीला विचारा. तिथे एकाच अधिवेशनाच्या हंगामात दोन्हीकडे प्रश्न टाकायचे आणि दोन उत्तरं शेजारी ठेवायची. एकाच हंगामासाठी दोन वेगळे आकडे निघाले, तर तो तुमच्या हातातला सगळ्यात दणकट कागद.

उत्तरं एकेकटी वाचू नका, असंही मी सांगेन. अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण घ्या. १९९७ साली सुमारे १४२ कोटींना मान्यता मिळालेलं काम, आज त्याचा हिशेब हजारो कोटींत आहे. दर काही वर्षांनी सभागृहात उत्तर येतं, त्यात आजअखेर झालेला खर्च असतो, सुधारित किंमत असते, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे पालुपद असतं. एक उत्तर वाचून राग येतो. वीस वर्षांची उत्तरं ओळीनं लावली की कोणत्या साली काम खरोखर हललं आणि कोणत्या साली नुसती किंमत हलली, ते दिसतं. मनमाड–धुळे–इंदूर रेल्वेचंही तेच. धुळ्याच्या दोन पिढ्या सर्वेक्षणाच्या गोष्टी ऐकत म्हाताऱ्या झाल्या. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. आता ‘सर्वेक्षण चालू आहे’ हे उत्तर चालणार नाही. यापुढचा प्रश्न भूसंपादनाचा हवा : तालुकानिहाय किती हेक्टर, त्यातली किती ताब्यात, मोबदला किती वाटला.

आता तुमच्या आमदारांनी पुढच्या वेळी काय लिहावं? विशेषणं सगळी काढून टाका. निकृष्ट, प्रचंड, संगनमत, अक्षम्य दुर्लक्ष, हे शब्द बातमीत बरे दिसतात. प्रश्नात ते नाकारायला सोपे, कारण त्यांचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जातो. त्यांच्या जागी दिनांक आणि क्रमांक घाला. ‘तलावाच्या दुरुस्तीचा कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकाचा आहे, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या दिनांकास दिला, भरावाच्या पायथ्यातून गळती होत असल्याबाबत कार्यालयास पहिली तक्रार कोणत्या दिनांकास प्राप्त झाली, त्यानंतर स्थळपाहणी कोणी व केव्हा केली, दोषदायित्व कालावधी कधी संपतो, त्या कालावधीत ठेकेदारास दुरुस्तीची नोटीस दिली काय, असल्यास तिचा दिनांक काय?’ (दोषदायित्व कालावधी म्हणजे कामातला दोष ठेकेदारानं स्वखर्चानं काढून द्यायची मुदत.) यातल्या एकाही वाक्याला ‘अंशतः खरे’ म्हणता येत नाही. दिनांक एकतर असतो, नाहीतर नसतो. नसला की टेबलावरच्या कारकुनाला घाम फुटतो, मी अनुभवानं सांगतो.

एका प्रश्नात एकच विषय ठेवा. लोकसभेच्या नियमांत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि मर्यादा नसती तरी मी हेच सांगितलं असतं. तलाव, रस्ता आणि स्मशानभूमीचं शेड एकाच प्रश्नात कोंबलं की उत्तर देणारा तिघांतलं सोपं उचलतो. न्यायालयात गेलेल्या गोष्टीचंही तसंच. गावातल्या कुणी त्या कामाबद्दल याचिका टाकली असेल तर आधी सांगा, कारण ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढं लिहून आम्ही सुटायचो. याचिका एका मुद्द्यावर आणि प्रश्न भलत्याच मुद्द्यावर असला तरी सुटायचो.

उत्तरातल्या एका जातीच्या वाक्यांवर मात्र लाल पेनानं खूण करा : ‘तपासून पाहण्यात येईल’, ‘चौकशी करण्यात येत आहे’, ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’. ऐकायला ही टोलवाटोलवी वाटते, पण संसदेत अशी वाक्यं आश्वासन धरली जातात. लोकसभेत त्यासाठी १९५३ पासून आणि राज्यसभेत १९७२ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं, नाहीतर समितीकडे मुदतवाढ मागायची. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. मंत्री पूरक प्रश्नाला उत्तर देताना सभागृहात बोलून गेले की ‘अधिकारी पाठवून पाहणी करून घेतो’, तर ते वाक्य छापील उत्तरात सापडणार नाही, कामकाजाच्या इतिवृत्तात सापडेल. तिथून उचलून समितीला पत्र लिहायला आमदारांना सांगा. आमच्या कार्यालयात तारांकित प्रश्नाची फाइल आठ दिवसांत थंड व्हायची. आश्वासन समितीचा दौरा जाहीर झाला की सहा वर्षांपूर्वीच्या फाइलीवरची धूळही झटकली जायची. विश्रामगृहाला रंग लागायचा तो वेगळा.

आणि उत्तर खरोखर खोटं असेल तर? कागदानं सिद्ध होत असेल तर सदस्यांकडे रस्ते आहेत. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली मंत्र्यांच्या विधानातली चूक दाखवून देता येते. जाणूनबुजून दिशाभूल केल्याचं दाखवता आलं तर हक्कभंग. मंत्रीही नंतर दुरुस्तीचं निवेदन करू शकतात, आणि करतात. तुमच्या प्रकरणात मी आमदारांना हक्कभंगाचा सल्ला देणार नाही. ‘अंशतः खरे’ वर हक्कभंग टिकत नाही, उगाच एक अधिवेशन जाईल.

माहिती अधिकार बरा की प्रश्न बरा, असं तुम्ही विचारलंत. मी तर बैल दोन असताना एकच कशाला जुंपायचा म्हणतो. प्रत्येक उत्तराबरोबर वर एक टिपणी जाते. पूरक प्रश्न निघाला तर मंत्र्यांना हाताशी असावी म्हणून त्यात खालची खरी हकीकत लिहिलेली असते : गळती आढळली, ठेकेदाराला तोंडी सूचना दिल्या, पिचिंगचे, म्हणजे भरावाच्या उतारावरच्या अस्तराचे, दगड अमुक लांबीत बसवलेले नाहीत. उत्तर चार ओळींचं, टिपणी चार पानांची. प्रश्नोत्तरातली पारदर्शकता कुठे असेल तर ती या चार पानांत, आणि सभागृहात ती पानं कुणी वाचून दाखवत नाही. ती माहिती अधिकारात मागा. उत्तर पटलावर यायच्या आधी मागितलीत तर विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा अपवाद दाखवून नकार देतील. उत्तर सभागृहात येऊन गेल्यावर ती सबब फार ताणता येत नाही. अर्ज असा करा : ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तराचा मसुदा, त्यासोबतची टिपणी, आणि ती तयार करण्यासाठी उपविभागाकडून मागवलेल्या व प्राप्त झालेल्या सर्व पत्रांच्या प्रती.’ दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्द. तीस दिवस थांबा, मग पहिलं अपील.

आणखी एक हत्यार लोक विसरतात. माहिती अधिकार म्हणजे नुसत्या झेरॉक्स नव्हेत. कलम २ मधल्या व्याख्येतच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. मोजमाप पुस्तिकेत पिचिंगची जी लांबी-रुंदी लिहिलीय ती हातात घेऊन, अभियंत्याला सोबत उभं करून, टेप लावून भरावावर चाला. गावातली चार माणसं बरोबर असू द्या, फोटोत तारीख येऊ द्या. मी पाहिलेल्या प्रकरणांत ठेकेदार सभागृहातल्या प्रश्नाला घाबरला नाही, टेपला घाबरला.

मूळ २००५ च्या कायद्यात कलम ८ मध्ये एक सुरेख वाक्य होतं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदार आणि आबा एका पायरीवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीनं ते पोटकलम ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या शब्दांवर आणलं आणि ते वाक्य गेलं. मला हे बरं वाटलेलं नाही. उद्या प्रतिनियुक्तीवरच्या डॉक्टरबद्दल विचारलं तर ‘वैयक्तिक’ म्हणून दार लावतील, अशी भीती आहे. मोठं सार्वजनिक हित दाखवण्याची वाट अजून उघडी आहे, पण तिथं भांडावं लागेल. तुमच्या तलावाच्या मोजमापाला मात्र यातलं काही लागू नाही. भराव ही कुणाची वैयक्तिक माहिती नव्हे.

आमदारांबद्दलही एक शब्द. ‘आपल्या माणसानं प्रश्न टाकला’ यावर गाव हुरळतं. प्रश्न कुणी लिहून दिला, कशासाठी दिला, हेही बघायची सवय ठेवा. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची संसदेतून हकालपट्टी झाली. त्यांत जळगाव आणि एरंडोल, असे आपल्या जिल्ह्याचे दोन्ही खासदार होते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संसदेचा तो अधिकार मान्य केला. माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला तो २००५ च्याच १२ ऑक्टोबरला, म्हणजे कायदा लागू होणं आणि ती हकालपट्टी, हे दोन्ही अडीच महिन्यांच्या आत घडलं. ठेकेदारांच्या भांडणात एकानं दुसऱ्याविरुद्ध प्रश्न लावल्याचं मी टेबलावरून ओळखायचो. अशा प्रश्नांत कामाचा क्रमांक, निविदेची रक्कम, सगळं बिनचूक असायचं. गावकऱ्यांच्या प्रश्नात गावाचं नावसुद्धा चुकलेलं असायचं.

तुमचा प्रश्न गावकऱ्यांचाच आहे, ते वाचताक्षणी कळतं. तो आता बिनचूक करा. नव्या प्रश्नासाठी अधिवेशनाची वाट बघावी लागेल, टिपणीसाठी महिना लागेल, पण एक गोष्ट थांबणारी नाही. दुरुस्तीच्या करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपेपर्यंत गळती काढायचा खर्च ठेकेदाराचा, संपला की शासनाचा, म्हणजे पुन्हा नवं अंदाजपत्रक, नवा फलक. उपविभागीय कार्यालयात जाऊन करारनाम्याचं ते पान आधी बघा आणि गळतीची लेखी तक्रार त्या तारखेच्या आत आवक शिक्का मारून घ्या. तोंडी सांगून येऊ नका. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणतील, तर तिथल्याच बाकावर बसा.